ग्रामसभेला वेळ लागतो, तो लागू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामसभांच्या तेंदूपत्ता लिलावाबद्दल गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एक वाचकपत्र छापून आलं. लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं, की हंगाम तोंडावर आला तरी ग्रामसभा बैठकांवर बैठका घेत बसतात, व्यापारी कंटाळून दुसऱ्या गावी जातो आणि शेवटी पडेल भावात पान विकावं लागतं. त्यापेक्षा गावातल्या चार-पाच शिकल्यासवरल्या माणसांची समिती नेमावी आणि सगळे अधिकार तिला देऊन मोकळं व्हावं. पत्र कळकळीनं लिहिलेलं आहे. भाव पडतो हेही खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यांनी सांगितलेला उपाय आमच्या गावानं एका हंगामात करून पाहिला आहे, आणि त्या शिकल्यासवरल्या चार माणसांत मी होते. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला, कुरखेडा-कोरचीच्या बाजूला. चौसष्ट घरं. त्यातली एकसष्ट गोंडांची, तीन इतरांची. मी बारावी शिकलेली, लग्न होऊन या गावात आले आणि सहा वर्षांपासून ग्रामसभेची सचिव आहे. सचिव म्हणजे रजिस्टर लिहिणारी, ठराव वाचून दाखवणारी, बँकेत नि तहसीलला चकरा मारणारी.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. तेंदूचं पान विड्या वळायला लागतं. मे महिन्यात पाऊस यायच्या आधी तेंदूचं कोवळं पान तोडायचे जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. पहाटे चारला उठून बाया-माणसं जंगलात जातात, उन्हं चढायच्या आत गाठोडं डोक्यावर घेऊन परत येतात. मग घरातली म्हातारी, शाळेतली पोरं, सगळे पडवीत बसून पुडे बांधतात. एका पुड्यात सत्तर पानं. असे हजार पुडे झाले की एक गोणी. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे पान गोळा करायच्या जागेवर, मोजून द्यायचे, तिथं व्यापाऱ्याचा दिवाणजी वहीत मांडतो. पान जून झालं, फाटकं निघालं, तर पुडा बाजूला काढतो. धानाची शेती असलेल्या घरालासुद्धा पावसाळ्यातल्या बी-बियाण्याचा पैसा यातूनच मिळतो. ज्यांना शेतीच नाही त्यांचं काय, ते पुढं सांगते.

पूर्वी हा सगळा कारभार वनखातं आणि ठेकेदार यांच्यात चालायचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची, मालकी आमची असं मान्य केलं, त्यात तेंदू आला, बांबू आला. सामूहिक हक्काचा दावा मंजूर झाल्यावर आमची ग्रामसभा आपलं पान आपण विकू लागली. कायद्याचं एक कलम मला पाठ आहे, कारण ते मी उशिरा वाचलं. २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली. तीत असं लिहिलं आहे, की जंगलाच्या व्यवस्थापनासाठी ग्रामसभा समिती नेमू शकते, पण त्या समितीवर देखरेख आणि नियंत्रण ग्रामसभेचं राहील. वाहतुकीचे परवाने, विक्रीतून आलेल्या पैशाचा वापर, आराखड्यातला बदल, यावरचे समितीचे सगळे निर्णय ग्रामसभेनं मंजूर करायचे. म्हणजे सगळे अधिकार समितीला देऊन मोकळं होण्याची सोय कायद्यातच नाही.

आता त्या हंगामाची गोष्ट.

फेब्रुवारी संपत आला होता. गावातली तीसेक माणसं मिरची तोडायला तेलंगणात गेली होती. व्यापारी म्हणाला, दोन दिवसांत करार करा, नाहीतर मी पुढच्या गावाकडं निघालो. आम्ही चौघं, म्हणजे अध्यक्ष, मी आणि समितीतले दोघं, तालुक्याच्या गावी गेलो. एका दुकानाच्या वरच्या खोलीत स्टॅम्पपेपर तयारच होता. भाव चांगला होता. खोटं कशाला सांगू, गेल्या वर्षीपेक्षा बराच चांगला. पान तोडणाऱ्यांची मजुरी दर आठवड्याला आणि रॉयल्टी, म्हणजे ग्रामसभेला मिळायची मालाची रक्कम, तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता माल उचलल्यावर. मी कागद वाचला. मला मराठी वाचता येतं, कायदाही थोडा कळतो. सही केली. गावात येऊन सांगितलं तेव्हा सगळे खूश झाले.

मजुरी मिळाली. पहिला हप्ता मिळाला. दुसरा अर्धा मिळाला. पावसाच्या आधी ट्रक लागले, गोदाम रिकामं झालं आणि त्यानंतर व्यापाऱ्याचा फोन लागेना. उरलेल्या पैशासाठी आम्ही पुढची दिवाळी ओलांडली. अर्ज, नोटीस, गाडीभाड्याला गावकोषातले, म्हणजे गावाच्या सामाईक निधीतले, पैसे. शेवटी काही मिळाले, काही बुडालेच.

त्यानंतर बैठक झाली तेव्हा कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं शिव्या बसतील. माझ्या शेजारच्या मावशीनं एवढंच विचारलं, "पैसे हाती येयाच्या पयले मालाची गाडी काहून सोडली?" मी म्हटलं, करारात तसंच होतं. ती म्हणाली, "मंग करार लिवताना आमाले काहून नाही इचारलं?"

अशा बायकांना बाजारात मोहफुलं विकताना मी लहानपणापासून बघते आहे. दुकानदार ओळखीचा असो, नात्यातला असो, पैसे मुठीत आल्याशिवाय त्या टोपलीवरचा हात काढत नाहीत. माझ्या बारावीला जे दिसलं नाही ते चौसष्ट घरांतल्या कुठल्याही बाईनं कराराच्या त्या एका ओळीत पहिल्या झटक्यात पकडलं असतं. शहाणपण गावात होतं. आम्ही चौघांनी ते तालुक्याला नेलं नाही, कारण घाई होती आणि आम्हाला वाटलं की आम्हाला समजतं. आम्ही बेइमान नव्हतो, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आमच्यातल्या कोणी एक रुपया खाल्ला नाही. समितीत प्रामाणिक माणसं घातली की झालं, असं लोकांना वाटतं. आमची समिती प्रामाणिकच होती.

त्यानंतर आम्ही ज्या गोष्टी बदलल्या त्या ऐकायला फार मोठ्या नाहीत.

पहिली गोष्ट बैठकीची वेळ. आमची बैठक सकाळी अकराला असायची. का, तर साहेब लोक आणि व्यापारी त्याच वेळेला गाडीनं यायचे. मार्चमध्ये अकरा वाजता बाई कुठं असते? पहाटे मोह वेचून आलेली, अंगणात फुलं वाळत घालत असते, चुलीवर भात असतो. बैठकीला पुरुष यायचे, समाजमंदिराच्या आत सतरंजीवर बसायचे. ज्या बाया यायच्या त्या बाहेर ओट्यावर, खांबाला टेकून, अर्धं ऐकू येईल अशा. मी रजिस्टरमध्ये त्यांच्या अंगठ्याचे ठसे घ्यायचे आणि "महिलांची उपस्थिती" असं लिहायचे. नियमात आहे, की निम्म्याहून कमी सदस्य असले तर सभा भरत नाही, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. आमचा आकडा बरोबर असायचा. पण सभा भरत नव्हती.

आता बैठक रात्री, जेवणं झाल्यावर, आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. समाजमंदिरात नाही, समोरच्या अंगणात, एकाच सतरंजीवर. लेकरं मांडीवर झोपतात. व्यापाऱ्याला बोलायचं असेल तर त्यानं रात्री यावं. सुरुवातीला कोणी येत नव्हतं, आता येतात.

दुसरी गोष्ट पासबुकाची. खात्यावर दोघांची सही चालते, त्यातली एक बाईची, आणि सह्या करणारे दर वर्षी बदलतात. पण माझ्या मते सहीपेक्षा मोठी गोष्ट अशी, की बँकेतून आलेल्यानं त्याच रात्री पासबुकातल्या नव्या ओळी मोठ्यानं वाचायच्या. ज्या मावशीनं मला तो प्रश्न विचारला तिला अक्षर ओळखता येत नाही. पण एकदा वाचून दाखवलेला आकडा ती विसरत नाही. मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला मी वाचत होते, तर मधेच म्हणाली, "मागच्या टायमाले अठरा हजार होते ना, आता साडेसोळा कसे?" मी कागद चाळले. दीड हजार आम्ही मोजणीसाठी आलेल्या माणसांच्या जेवणाखाण्याला काढले होते. पावती होती, ठराव नव्हता. त्या रात्री ठराव झाला आणि पुढं असं आधी खर्चून मग सांगायचं नाही हेही ठरलं. वाचता येणं वेगळं आणि हिशेब ठेवता येणं वेगळं, हे मी त्या दिवशी शिकले.

तिसरी गोष्ट, आणि याच गोष्टीचा पत्रलेखकांना राग आहे, ती म्हणजे दोन रात्रींचा नियम. मोठा विषय ज्या रात्री मांडला त्या रात्री ठरवायचा नाही. आज मांडायचा, घरी जायचं, परत बसायचं तेव्हा ठरवायचा. मधल्या दिवसात खरी चर्चा होते. हातपंपावर होते, बांधावर होते, रात्री अंथरुणावर नवरा-बायकोत होते. सभेत तोंड न उघडणारी सून घरी नवऱ्याला सांगते, की हे काही बरोबर नाही, आणि दुसऱ्या रात्री तो नवरा तिचं म्हणणं आपलं म्हणून सांगतो. आजकाल काही सुना स्वतःच सांगतात.

एका विषयाला तर तीन रात्री लागल्या. नाल्याच्या पलीकडं जंगलाचा एक तुकडा आहे. तिथंही तेंदूची झुडपं छाटून घ्यावीत, म्हणजे पान जास्त निघेल, असं व्यापाऱ्याच्या माणसाचं म्हणणं होतं. सगळे तयार झाले. एक आजी तेवढी "तिकडं नोको" म्हणत राहिली. का नको, तर सांगेना. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तरणी पोरं चिडली, एका म्हातारीपायी गावाचं नुकसान म्हणाली. आमच्यात ठरलेलं आहे, की एकाचाही नकार असेल तर त्याचं कारण कळेपर्यंत थांबायचं. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, चला, दाखवते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-पंधरा जण तिच्या मागं गेलो. तिनं बांबूचं एक बेट दाखवलं, बुडापासून काळं पडलेलं. दोन वर्षांपूर्वी छाटणीनंतर पान जोमानं फुटावं म्हणून कोणीतरी खाली आग लावली होती, ती इथवर आली होती. पावसाळ्यात गावातल्या अर्ध्या घरांना वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, त्याच तुकड्यातून मिळायचे, सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, तिथंच उगवायच्या. दोन पावसाळे झाले, ती रिकाम्या टोपलीनं परत येत होती. हे तिला सभेत, उभं राहून, मुद्द्यांत सांगता येत नव्हतं. पायांनी चालत जाऊन सांगता आलं. त्या तुकड्यात छाटणी झाली नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं तर जंगलाचं नुकसान होतं म्हणून तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. आमच्या गावाला ते परवडणार नाही. पण असा निर्णय घेऊन तो टिकवता येतो, कारण तो पाळायचा असतो त्या प्रत्येकानं घेतलेला असतो. पाच जणांच्या समितीनं असा निर्णय घेतला असता तर पहिल्याच मे महिन्यात लोक कोयते घेऊन जंगलात गेले असते.

आता सर्वसहमतीबद्दल. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांना माहीत आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. मी तिथं दोनदा जाऊन आले. तिथून शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट मला अभ्यासगटाची वाटली. ग्रामसभा ठरवते. अभ्यासगट ठरवत नाही, नुसता विषय समजून घेतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतो, प्रश्न विचारतो. ज्याला कळतं त्यानं सांगावं, पण ठरवण्याची गादी त्याला मिळत नाही. पत्रलेखकांच्या शिकल्यासवरल्या माणसांची खरी जागा ही आहे. माझीही.

पण सर्वसहमतीतही माणूस हरवतो, हे लिहिलं नाही तर पत्र अर्धवट राहील. आमच्या गावातली ती तीन घरं. त्यांना शेती नाही. सभेत ती माणसं नेहमी मान हलवायची. एका वर्षी आम्ही तोडणी आठ दिवस उशिरा सुरू करायचं ठरवलं, कारण गावात दोन लग्नं होती. सगळे हो म्हणाले, त्यांनीही मान हलवली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "सर्वानुमते". हंगाम सुरू झाल्यावर ती घरं दिसेनात. शेजारच्या गावच्या फळीवर पान देत होती. आठ दिवसांची मजुरी म्हणजे त्यांच्या वर्षाच्या मिळकतीतला केवढा वाटा, हे आमच्यातल्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि एकसष्ट घरांसमोर नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. त्यांचं गप्प राहणं मी सहमती म्हणून लिहिलं. तेव्हापासून मजुरीचा, तोडणीच्या तारखेचा विषय असला की पहिल्यांदा त्या तीन घरांना विचारायचं आणि बाकीच्यांनी नंतर बोलायचं. गोंडीत चाललेलं बोलणं मराठीत सांगायचं आणि मराठी कागद गोंडीत. याला वेळ लागतो. लागतोच.

आता आमच्या भागातल्या बऱ्याच ग्रामसभा एकत्र येऊन लिलाव करतात, त्यानं व्यापाऱ्यासमोर वजन वाढतं. आमच्या गावातून दोन बाया आणि दोन पुरुष जातात. त्यांच्याकडं गावाचा ठराव असतो, कमीत कमी भाव किती आणि माल केव्हा उचलू द्यायचा. त्याच्या पलीकडं त्यांना काही कबूल करता येत नाही. मागच्या लिलावात एकानं भाव वाढवून दिला, पण अट घातली, की पूर्ण पैसे मिळायच्या आधी गोण्या उचलू द्या. आमचे चौघं म्हणाले, गावाला विचारून सांगतो. तिथं काही जण हसले. त्या रात्री अकरापर्यंत बैठक झाली आणि गाव नाही म्हणालं. शेवटी दुसऱ्याला कमी भावात पान दिलं. तेवढं नुकसान झालं, ते मी लपवत नाही. पण शेवटचा ट्रक निघाला तेव्हा शेवटचा रुपया खात्यात होता, आणि भाव कमी का मिळाला हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माझ्याकडं कोणी वाकड्या नजरेनं बघितलं नाही.

आमचं सगळं जमलं आहे असं नाही. मिरची तोडायला गेलेल्यांचं काय करायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आता मुख्य बैठका संक्रांतीच्या आत, लोक निघायच्या आधी घेतो. पण लिलावाच्या वेळी ते तेलंगणातच असतात. फोनवर विचारतो, पण फोनवरच्या माणसाला सभेत धरता येत नाही.

पत्रलेखकांना ग्रामसभेचा उशीर खुपतो. मला दुसरी घाई खुपते. वरून फोन येतो, "उद्यापर्यंत ठराव पाठवा." सोबत ठरावाचा नमुना, त्यात गावाचं नाव तेवढं भरायचं. प्रशिक्षण असलं की अध्यक्ष-सचिवांना तालुक्याला बोलावतात. म्हणजे ज्या दोघांना आधीच जास्त माहीत आहे त्यांनाच अजून माहिती मिळते, आणि गावात परत आल्यावर आमचा शब्द अजून जड होतो. ते प्रशिक्षण गावात द्या, रात्री द्या, अंगणात द्या. कराराचा मसुदा हंगामाच्या दोन महिने आधी गावात येऊ द्या. तसं झालं तर व्यापाऱ्याला आमची वाट बघावी लागणार नाही. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे. "ग्रामसभेनं ठरवलं" अशी बातमी देण्याआधी तेवढं विचारा, की त्या रात्री सतरंजीवर कोण कोण बसलं होतं.

पत्रलेखकांनी राग मानू नये. त्यांनी आमच्या गावाला एकदा यावं. पुढच्या महिन्यात करार वाचायची बैठक आहे, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. संध्याकाळची एसटी आली की परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळते, तेव्हा मुक्काम आमच्या घरी. विषय मोठा आहे, दोन रात्रींच्या तयारीनं यावं.

आपली,
सचिव, ग्रामसभा
जि. गडचिरोली
(नाव व गावाचा पत्ता संपादकांकडे दिला आहे.)